मांजरासाठी उघडलेलं दार

ताई,

नवऱ्याचं घर सोडून इथं आल्यापासून मी कुणालाच दार उघडलं नव्हतं. आज एक चुकलेलं मांजर दाराशी केविलवाणं ओरडत बसलं, म्हणून आत घेतलं. त्याच्या पट्ट्यावरच्या नंबरावर फोन करून हळू आवाजात पत्ता सांगितला.

मालक निघाले पलीकडच्या गल्लीतले म्हातारे शिंपी. मांजर छातीशी धरून ते मला निरखत राहिले.

"पोरी, खाली एकजण तुझा फोटो दाखवत फिरतोय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"अजून काही नाही. आता सांगतो, ती बसने गेली."

हे पत्र टाकणार नाही. तुझं टपाल आधी भावोजी वाचतात. पडद्याआडून दिसतंय, शिंपीकाका बसथांब्याकडे हात करतायत. तो मात्र अजून वरच्या खिडक्या न्याहाळतोय.

तुझी धाकटी