हिमनदी बंद केली त्या दिवशी

अण्णा, आज मी एक हिमनदी बंद केली. बंद केली म्हणजे काय ते तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण तुम्ही होतात तेव्हा मी तिकडं नुकतीच जायला लागले होते. वाटूरच्या फाट्यावर चहा पिताना तुम्ही लोकांना सांगायचात, "पोरगी बर्फात काम करून राह्यली," आणि कुणी पुढं काही विचारलं की झटकन विषय बदलायचात. पहिल्यांदा निघाले तेव्हा तुम्ही नवीन जालन्यातून माकडटोपी आणून दिलीत आणि वर बजावलंत, "तिथं डोकं उघडं ठिवायचं न्हाई." उत्तर ध्रुवाजवळच्या त्या बेटावर वारा टोपीतून आरपार जायचा. तरी मी ती जाड टोपीच्या आत घालायचे, आणि सोबतचे लोक माझा फोटो काढून हसायचे.

आमची ही हिमनदी अगदीच छोटी. आपल्या गावच्या शिवारात सहज मावेल एवढी, डोंगराच्या खोबणीत अंग चोरून बसलेली. हिवाळ्यात पडलेला बर्फ वरच्या अंगाला टिकायचा, खालच्या अंगाचा उन्हाळ्यात वितळायचा, आणि या दोन्हींच्या मधली रेषा कुठं आहे त्यावरून तिची तब्येत कळायची. आम्ही बर्फाला भोक पाडून लांब काठ्या रोवायचो आणि पुढच्या वर्षी जाऊन काठी किती उघडी पडली ते बघायचो. माझं काम म्हणजे एवढंच. हल्ली ती रेषा वर सरकत सरकत डोंगरमाथ्याच्याही पलीकडं गेली, म्हणजे आता अगदी माथ्यावरचाही बर्फ टिकत नाही. आणि गंमत बघा, बर्फ पातळ होत जातो तशी ती आतून गरम होत नाही, उलट आणखी थंड होते. हिवाळ्यातला गारठा पातळ बर्फातून थेट तळापर्यंत पोचतो, तळ खडकाला गोठून चिकटतो, आणि पूर्वी जी थोडीफार सरकायची तीही थांबते. मग जागच्या जागी बसून ती संपत जाते. तिथं उभं राहिल्यावर मला कधी भरून यायचं, कधी नुसती सपाटून भूक लागलेली असायची.

मी सध्या सुट्टीवर आईकडं जालन्याला आले आहे. सकाळी ऑफिसची बैठक होती, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून केली, कारण घरात नेट तिथंच धड चालतं. आमचे साहेब म्हणाले, एवढ्याशा हिमनदीसाठी बोट न्यायची, अस्वलांसाठी बंदूकवाला माणूस न्यायचा, वर ती चढण चढायची. त्यापेक्षा हिची मोजणी बंद करून शेजारची मोठी हिमनदी घेऊ, ती अजून पुष्कळ वर्षं टिकेल. रागावून नाही, अगदी समजुतीनं बोलले. मग मला म्हणाले, "तुम्ही सुरुवातीपासून तिथं जाताय. तुमचं काय म्हणणं?" मला जे म्हणायचं होतं ते तोंडाशी तयार होतं. ती संपतेय म्हणूनच तर मोजायला हवी. असल्या छोट्याच आधी जाणार, आणि आपण टिकणाऱ्या तेवढ्या मोजत राहिलो तर आपलेच आकडे आपल्याला खोटा धीर देतील. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी माईक बंद केला, शिट्टी थांबल्यावर चालू केला आणि म्हणाले, "हो, लहानच आहे ती."

आईनं माझ्याकडं पाहिलं. "काय झालं गं? तोंड का उतरलं?"

"काही नाही. एक काम कमी झालं."

"मंग बरंच झालं की. गुडघे किती दुखतेत तुझे. कशाला चढत बसतीस?"

मी मान डोलावली आणि ताटं घेतली. जेवताना मला तुमची वस्तीवरची शाळा आठवली. मार्च महिना आहे, मी कॉलेजात आहे, तुमचा डबा घेऊन वस्तीवर आले आहे. एकच खोली, तिच्यात तपासणीला आलेले साहेब तुमच्या खुर्चीत, आणि तुम्ही उभे. कोपऱ्यात बहीणभाऊ पाटी धरून बसलेत, पटावर तेवढीच दोघं उरलीत. साहेब म्हणतात, "गुरुजी, यांना वाटूरच्या शाळेत धाडा न् मोकळे व्हा." तुमचा आवाज बारीक आहे, पण तुम्ही बोलता, "कमी हायेत साहेब. पण हायेत ना." रात्री मी तुम्हाला भाकरी वाढता वाढता म्हणाले, "अण्णा, साहेब बराबर बोलत होते. दोन पोरांसाठी एवढं कशाला?" तुम्ही हातातला तुकडा ताटात ठेवलात. "तुला शाळा बारकी दिसती. त्या दोघांची तर पुरी शाळा जाती," एवढंच म्हणालात आणि हात धुवायला उठलात. शाळा जूनमध्ये बंद झालीच. तुम्हाला वाटूरला पाठवलं, तर रोज सकाळी उलट्या रस्त्यानं आधी वस्तीवर जाऊन त्या दोघांना लुनावर घेऊन यायचात. फाट्यावरचे लोक म्हणायचे, "गुरुजींची गाडी आल्ती का?" तुम्हीही हसायचात.

दुपारपासून मी स्वतःला सांगते आहे की हिमनदी म्हणजे काही लेकरू नव्हे. तिची कुणी वाट बघत नाही, तिला बंद झाल्याचं कळणारही नाही. हे सगळं खरं आहे, अण्णा, आणि तरी मान वर होत नाही. तुमच्यापुढं नोकरी होती, बदली होती, आणि तुम्ही उभ्या उभ्या बोललात. माझं काय जाणार होतं? मला कुणी रागावणार नव्हतं. दोन वाक्यं बोलायची होती, ती गिळून मी आमच्या साहेबांचंच म्हणणं पुन्हा बोलून मोकळी झाले. वर मला आतून बरंही वाटलं. नव्या हिमनदीला चढण नाही, बोट अगदी कडेपर्यंत जाते. गुडघ्यांचं आईनं म्हटलं तेव्हा मी किती खुशीनं मान हलवली, ते तुम्ही बघितलं असतं तर पुन्हा हातातला तुकडा खाली ठेवला असता.

दुपारी मोजणी बंद करायच्या संमतीचा कागद मेलवर आला. सहीला आठवडाभराची मुदत होती. तोवर कधीही 'थांबा, मला बोलायचंय' म्हणता आलं असतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्याला मुदतही नाही, आणि लिहायचं तर जेवतानाच मनात आलं होतं. पण मी आधी सही करून कागद पाठवून दिला आणि मगच तुम्हाला लिहायला बसले. आधी तुम्हाला लिहिलं असतं तर सही झाली नसती, हे मला माहीत होतं.