औषधाआधीचा हात

प्रिय दीपू,

सप्रेम जयभीम. खिशात फोन असताना हा दादा चिठ्ठी काहून लिहून राहिला, असं म्हणशील. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा तू तो आचलच्या कानाला लावलास, ती 'मामामा' करत खिदळली, आणि मी अंबाडीच्या भाजीची चौकशी करून ठेवून दिला. मी घाबरलोय, दीपू. आचलसाठी घाबरलोय. चिठ्ठी शेवटपर्यंत वाच, तुझ्या सवयीप्रमाणे मधेच सोडून मला फोन लावू नकोस.

माझं काम तुला ठाऊक आहे. आई तर शेजारच्या गंगूबाईंना सांगते, "आमचा अश्विन गोयीचं कार्टून बनवते." आणि ते खरंच आहे. गोळी पोटात गेल्यावर आत काय करते, ते आम्ही कॉम्प्युटरवर हलतंबोलतं करून दाखवतो. सध्या सिकलसेलच्या औषधाची फिल्म चालू आहे, गावोगावच्या दवाखान्यांत दाखवायला. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि अडकतात तिथे माणूस दुखण्याने विव्हळतो. औषध काय करतं सांगू? आईच्या पोटात असताना बाळाचं जे वेगळं रक्त असतं, जन्मल्यावर काही महिन्यांत संपत जाणारं, तसं थोडं थोडं पुन्हा बनवायला लावतं. मग पेशी सहजासहजी वाकत नाहीत. एवढा भाग करताना मी अगदी खुशीत होतो, जणू औषध मीच शोधलं!

पण विव्हळणारा माणूस करायला घेतला आणि मला श्रावणमामा दिसायला लागला. वरूडला संत्र्याच्या पॅकिंगवर होता, आठवतो ना? थंडी पडली की गुडघे धरून बसायचा. डोळे नेहमी पिवळट. सगळे त्याला कामचुकार म्हणायचे, आणि आपण दोघं त्याच्या लंगडण्याची नक्कल करायचो. तो इतक्या लहान वयात गेला, तरी आई अजून म्हणते, "त्याले बाहेरचं झालं व्हतं." बाहेरचं काही नसावं गं. मी कोणाला न सांगता माझं रक्त तपासून घेतलं. माझ्यात सिकलसेलचा एक वाटा निघाला. एका वाट्याने मला काही त्रास नाही, पण तो बहुतेक आईकडून आलेला, म्हणजे तुझ्यातही असू शकतो. जावईबापूंच्यातही निघाला, तर लेकराच्या अंगात दोन्ही वाटे उतरू शकतात, आणि मग आजार होतो. रिपोर्ट खिशात घालून फिरत राहिलो आणि स्वतःलाच समजावत राहिलो, की आपल्याच घरी वाईट कशाला होईल.

मधे मी आचलच्या हातांचे फोटो मागवले, तेव्हा तू चिडवलंस, "भाचीचे गाल सोडून मामाले हातच दिसले का?" फिल्मच्या शेवटी औषधाने बरं झालेलं बाळ टाळ्या वाजवतं. त्या बाळाला मला आपल्या आचलचा हात द्यायचा होता. तू फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, पोरगी इतकी गुबगुबीत झाली की आईने केलेली चांदीची कडी चढत नाहीत. दात येऊन राहिले म्हणून नुसती रडते. मी वाचून हसलो आणि फोटोतला हात जसाच्या तसा केला. बोटं टम्म, हाताची पाठ उशीसारखी वर आलेली. स्टुडिओत सगळ्यांना आवडला. मीही कौतुक करून घेतलं.

शुक्रवारी फिल्म तपासायला डॉक्टरबाई आल्या. माझ्या स्क्रीनपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "सुजलेला हात हुबेहूब जमला, अश्विन. हा औषधाआधीचा ना? आता नंतरचा दाखव." मी नुसता हो म्हणालो, दीपू. जिन्यात जाऊन बसलो. मग धीर करून त्यांना तुझे फोटो दाखवले. त्यांचं हसू गेलं. या आजारात लहान बाळांचे हात असेच सुजतात, नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, पण रक्त लवकर तपासा, एवढंच बोलल्या. कदाचित दातच येत असतील. तसं निघालं तर मला जन्मभर चिडव, मी हूं का चूं करणार नाही. आई आज तुझ्याकडे येतेय, ही चिठ्ठी तिच्याच हाती देतोय, पण तिच्यासमोर फोडू नकोस; श्रावणमामाचं तिला कसं सांगावं, तेच मला समजत नाही. उद्या सकाळी मी अकोल्याला येतो. तुझं, जावईबापूंचं आणि आचलचं, तिघांचं रक्त सरकारी दवाखान्यात देऊन येऊ. काही निघालंच तर औषध आहे, हे मी बनवलेल्या फिल्मवरून नाही, डॉक्टरबाईंना पुन्हा पुन्हा विचारून सांगतोय. तोवर तिला गार वाऱ्यात नेऊ नकोस, पाणी पाजत राहा, आणि ताप आलाच तर माझी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. आणि ती कडी आता जोर लावून चढवू नकोस गं. तिला दुखत असेल.

तुझाच,
अश्विनदादा