भाकरीतली सालं

आत्या, तुमचा फोटो पाकिटावर छापायचा का नाय, ते काल ठरलं, नि तेच सांगायला बसलेय. सासू होता म्हनून आत्या म्हनत होते, लाडानं नाय, हे तुमाला ठाव हाय. चौथीपर्यंतची शाळा माझी, तेवढ्यात येतं तसं लिवते. मधी बोलू नका. जित्तेपनी तुमी मला एक वाक्य पुरं करू दिलं नाय, आता मेल्यावर तरी ऐका.

लग्नाचं पयलं वर्ष आठवा. तुमची लेक कसाऱ्याहून माहेरपनाला आलेली. तुमी आंब्यांची टोपली माझ्यापुढं आदळलीत, "रस काढ." मी चुलीपाशी बसून आंबे पिळतेय, कोपरापर्यंत हात पिवळे, तोंडाला पानी सुटतंय. पंगत बसते, पंगत उठते. मी पातेल्यात बघते तर ते पुसून काढल्यासारखं, आनि तुमी सालांची टोपली पायानं माझ्याकडं सरकवता. "सालाला लागलेला असतो की गो रस. चाट. सुनेला तेवढा पुरे." तुमची लेक हसली. मी पन हसले, मला मेलीला हसायची खोडच हाय. पन ती पायानं सरकवलेली टोपली माझ्या डोक्यातनं हलली नाय.

मंग तुमचा मुलगा गेला. ताप आला नि चार दिवसांत गेला, त्यात कोनाचा हात नव्हता. बाराव्याला टोकावड्याची सगळी सोयरी ओटीवर बसलेली, नि त्यांच्यादेखत तुमी बोललात, "हिनं माझ्या पोराला धड खाऊ घातलं नाय, म्हनून गेला." मी आत भात वाढत होते, आत्या. शब्द न शब्द ऐकला. त्या दिवसापासून घरात आपन दोघीच. मी मनात म्हनलं, थांबा, आता तुमाला धड खाऊ घालते.

सालं वाळवली. चोरून नाय, पापडांच्या बाजूला, तुमच्या डोळ्यांसमोर. "ही कशाला गो?" "चुलीत घालायला, आत्या." कडकडीत झाली की जात्यावर दळली नि नाचनीच्या पिठात मिसळली. नाचनीची भाकरी मुळातच काळी, कोन बघतंय? आंबे सरले की कच्च्या केळ्यांची सालं, लग्नघरातनं उचलून आनलेली दुधीची सालं. माझी भाकरी येगळी भाजायचे. तुमी घास मोडलात की समोर बसून बघायचे, नि तुमाला पायानं टोपली सरकवल्यासारखं वाटायचं मला. लय बरं वाटायचं.

पन झालं भलतंच. तुमी जलमाच्या कुंथनाऱ्या. एरंडेल झालं, चूर्न झालं, परसाकडं जाऊन बसायच्यात नि देवाला शिव्या घालायच्यात. महिनाभरात काय झालं कुनास ठाव, सकाळी गेलात की लगेच परत! भूक लागायला लागली. चालत वैशाखऱ्याला भावाकडं जाऊन आलात. शेजारनीला सांगत सुटलात, "माझी पुन्याई गो, पोट कसं कापसावानी." मी सूड घ्यायला निघालेली, नि तुमी टुनटुनीत! वर रोज मला टोमने. उठता एक, बसता एक.

असं का झालं ते आता कळलं. मुरबाडच्या रस्त्याला आंब्याचा रस काढायचा कारखाना झालाय. सालांचे ढीग पडतात, वास सुटतो, माश्या घोंगावतात. त्या सालांची पूड करायला एक मॅडम आमच्या बचत गटाला शिकवतायत. म्हनाल्या, "पोटात चांगले जंतू असतात. सालातला चोथा आपल्याला पचत नाही, पण तो त्या जंतूंचं खाणं होतो. त्याला प्रीबायोटिक म्हणतात." मी कपाळाला हात लावला, आत्या. तुमाला कचरा चारायला गेले नि तुमच्या पोटातल्या जंतूंना पंगत वाढून बसले.

तर त्या पुडीचं पाकीट. तुमची लेक हल्ली इकडंच राहते, ती पन गटात हाय. काल मीटिंगीत उठली नि म्हनाली, "पाकिटावर माझ्या आईचा फोटो टाका. सालाची भाकरी खाऊन म्हातारी किती जगली! औषध तिचंच."

हिला सालाचं कुनी सांगितलं ते मनात यायच्या आदीच मी ताडकन उठले. "औषध? सूड होता तो, बाय! तुझी आई मला सालं चाटायला लावायची, म्हनून मी तिला भाकरीतनं चारली. वर्षानुवर्षं चारली." बाया पोट धरून हसल्या. मला वाटलं, आता हिचं तोंड उतरंल. तर ती सगळ्यांत जास्त हसतेय.

"वैनी, आईला आठवड्याभरात कळलेलं. मला म्हनाली, तोंड उघडू नको. मला बरं वाटतंय हे सुनेला कळलं तर बंद करंल ती."

"नि मंग रोज मला टोमने कशाला मारायची?"

"म्हनायची, तिला जरा जरा चिडवत ऱ्हायलं की साल कमी पडत नाय."

म्हातारे! एवढी वर्षं मी समजतेय मी तुमाला चारतेय, नि तुमी माझा राग पेटता ठेवून स्वताची भाकरी भाजून घेत होता! सगळ्या बाया तुमच्या बाजूनं झाल्या. "फोटो टाकाच, कसली बेरकी म्हातारी." मी म्हनलं, "टाका. पन आदी मला सांगा, बाराव्याला ती माझ्याविषयी काय बोलली ते कुनी ऐकलेलं?" चार जनी त्या दिवशी ओटीवरच होत्या. चौघींनी हात वर केले. तुमच्या लेकीनं मान खाली घातली. ते बोलनं तुमी मरेस्तवर परत घेतलं नाय. मंग मीबी फोटो दिला नाय. पाकिटावर नुसता आंबा छापायचा. झालं. जगाला तुमचं तोंड दिसनार नाय, नि मला त्याचं काय पन वाईट वाटत नाय.

उठता उठता मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, साल नीट धुतलं नाही तर चिकानं तोंड सोलतं. त्यांना कधी त्रास नाही झाला?" मी म्हनलं, आठवत नाय.

आठवतंय. पयल्या भाकरीला तुमचे व्हट फुटले, दोन दिवस नुसत्या पेजेवर काढलेत. तवापासून एकूनएक साल मी तीन पान्यांतनं धुऊन काढत होते. ही चिठ्ठी काय कुटं जायची नाय, पन तेवढं तुमच्या लेकीला सांगू नका.