आईचा मुक्काम

डोळखांब, ता. ९ जानेवारी २०२५

चि. सौ. सुंदरास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझं रडं सुरू होतं, मग फोन आई घेते, म्हणून लिहितेय. दिवाळीत आठ दिवसांसाठी मुरबाडला गेली ती आई अजून तुझ्याकडंच. तुझी बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाय, समजतं गो मला. पण मी काय दगडाची? सगळं भात एकटीनं झोडलं. आईनं एकदा विचारलं नाय, सरिते, कंबर कशी हाय? धडधाकट पोरीला आई नसते का? जळते मी तुझ्यावर, लिहूनच टाकते. संक्रांतीला तिला पाठव.

तुझ्या जयरामरावांना नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नको.

तुझी ताई

मुरबाड, ता. २० जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न.

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. तू माझ्यावर जळतेस? अगो, चाळिशीत आई माझी वेणी घालते, आणि तोंडात सारखं तुझंच. सरिता असा भारा उचलते, सरिताला कधी औषधाची गोळी घ्यावी लागली नाय. ऐकून अंगाची आग होते माझ्या. एकाच आईच्या पोटच्या आपण, संधिवातानं मलाच बरं गाठलं!

आईकडच्या आजीची बोटं वाकडी होती ना? आईनं मनाशी धरलंय, हे माझ्याच रक्तातून पोरीला गेलं. म्हणून ती हलत नाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या रोगाचा कल आईबाप दोघांकडून येतो, आणि कल असला तरी रोग होतोच असं नाय. पण आई ऐकेल तर शपथ! रात्रंदिवस स्वतःला कोसते.

बाईंना तपासायला सख्ख्या बहिणीचं रक्त हवंय. देशील? तुझं चांगलंच निघेल आणि मी आणखी जळेन, दुसरं काय!

भांडलीस तरी लोभ असू दे.

तुझी सुंदरा

डोळखांब, ता. ११ मार्च

चि. सौ. सुंदरास अनेक आशीर्वाद.

रक्त दिलं होतं, त्याचं काल बाईंनी बोलावून समजावलं. जे तुझ्या रक्तात, तेच माझ्याही. अजून झालं काय नाय, जन्मभर होणारही नाय कदाचित. सांधे आखडले तर लगेच या म्हणाल्या. घे, वाटणी सारखी झाली, आता जळू नको.

खरं सांगू? ऐकून भ्याले नाय मी. आधी मनात आलं, आता आईला माझ्याकडं यावंच लागंल. चक्क आनंद झाला गो! मग एस्टीत बसल्यावर तिचं तोंड आठवलं. एका पोरीपायी एवढी खंगली, दुसरीचं कळलं तर उठायची नाय.

हे पत्र वाचून चुलीत घाल. माझ्यावर माया आहेच तुझी, ती एवढ्यापुरती वापर. आईनं विचारलं तर सांग, सरिताचं रक्त साफ निघालं, तिला तुझी काय गरज नाय.

तुझी ताई