किरकिऱ्या आणि काडीकिडा

माय, डोळे गेल्यात जमा हायेत, पण कान शाबूत हायेत, किरकिऱ्या अजून ऐकू येतो, म्हणून चाचपडत तुला लिहून राहिले. डिंक वेचायला रानात नेताना तू मला दोन किडे दाखवले होतेस. एक किरकिऱ्या. भर उन्हात धावड्याच्या झाडावर बसून कानठळ्या बसवतो, शोधायला जावं तर दिसत न्हाई. दुसरा काडीकिडा. नाकासमोर असून वाळकी काडीच वाटतो, आणि त्याला आवाज म्हणून न्हाईच. मी म्हटलं, एक नुसताच आवाज अन् दुसरं नुसतंच अंग. तू हसलीस. मग शिकवलंस की माणूस चालत आला की किरकिऱ्या गप होतो, माणूस निवांत उभा राहिला की पुन्हा सुरू करतो. डिंक वेचणाऱ्या तुमी बाया रानात हाका मारायच्याच न्हाईत, कोण कुठं हाय ते किरकिर कुठं थांबली त्यावरून बराबर ओळखायच्या.

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा उन्हाळा. गावात बंदुकवाले शिरले, आपण रानात पळालो. तान्हा भाऊ तहानेनं रडून राहिलेला. त्याला माझ्या मांडीवर देऊन तू म्हणालीस, "झऱ्यावर जाऊन येते. काडीकिड्यावानी बस. हिकडची किरकिर थांबली की समज, मी आले."

तू निघालीस तशी एकेका झाडावरची किरकिर बंद पडत झऱ्याकडं गेली. मागं पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळानं ती शांतता परत येऊ लागते. मला हायसं वाटतं. जवळ येते, समोरच्या धावड्यापाशी थांबते. पाला वाजत न्हाई, पाऊल वाजत न्हाई. "माय?" म्हणून मी बघते, तर नुसतं ऊन. लेकरू मात्र तिकडं टक लावून बघतं आणि रडायचं थांबतं. मग त्याच झाडावर किरकिर सुरू होते, दुसऱ्या कुठल्या झाडावरची थांबत न्हाई. म्हणजे जे आलं होतं ते गेलं न्हाई, तिथंच उभं राहिलं.

सांजेला मामानं आम्हांला शोधलं. झऱ्यावर तुझ्या बांगड्यांच्या काचा सापडल्या, तू न्हाई. सगळे म्हणाले, गेली. मला अजून तुझा राग येतो. यायचंच होतं तर अर्धवट काहून आलीस?

आखाजीला, पितरांना पाणी द्यायच्या सणाला, भाऊ तुझ्या नावानं पाण्याची घागर पुजतो. मलाही म्हणतो, "एक तू पूज, माय तहानेली असंल." मी दरसाल काही ना काही सबब काढते. हा कागदही कुठं धाडायचा, ट्रंकेत पडून राहील. खरं सांगते, तुझ्या नावाची घागर मी एकदाही पुजली न्हाई. पुजली तर तू मेलीस हे मला मानावं लागंल.