पहिल्या भागातली मेंढरं

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे

ती. हिराआत्यास गोरक्षचा शि. सा. न. वि. वि.

एका ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटला रंगाचा पहिला हात देऊन ती वाळत ठेवली आहे. दुसरा हात द्यायला पाऊण तास आहे. तेवढ्यात हे पत्र लिहून होईल.

तुझ्या घशातली गाठ काढून आज चौथा दिवस. पंधरा दिवस तोंडातून शब्दच काय, हुंकारसुद्धा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावल्याचं मामांनी फोनवर सांगितलं. मामा भलतेच खुशीत होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण या आठवड्यात पहिल्यांदाच आपलं वाक्य पूर्ण झालं, असं म्हणाले. फोनवर मी बोलायचं आणि तिकडून तू नुसता श्वास घ्यायचा, याने माझी धास्ती वाढते. म्हणून पत्र लिहितो. तूही कागदावरच उत्तर दे.

दोन गोष्टी नक्की कळव. गाठ तपासायला पाठवली आहे, तिचा रिपोर्ट कोणत्या तारखेला येणार? आणि आवाज 'परत येईल' असं डॉक्टर म्हणाले की 'यायला हवा' असं म्हणाले? या दोन्हींत फरक आहे. मामांना विचारलं तर ते म्हणतात एकच.

आता बातमी. 'अंधारी बारव' हा सिनेमा पुन्हा नव्याने काढला आहे. नारायणगावला लागला आहे, आळेफाट्यावर मोठा बोर्ड आहे. जुन्या सिनेमातली किंचाळी माझ्या आत्याची आहे, असं मी दुकानात सांगितलं. तुमच्या डोंगरात शूटिंग चाललं होतं, नटीचा घसा बसला होता, आणि तू एकोणीस वर्षांची, तिथेच मेंढरं चारत होतीस, हेही सांगितलं. कोणाला पटलं नाही. माझ्याबरोबर काम करणारा ऋषी म्हणाला, पडद्यावर नाव दाखव. नाव नाही, हे मला माहीत आहे.

मी सात वर्षांचा असताना जत्रेतल्या तंबूत तू मला तो सिनेमा दाखवलास. किंचाळी आली तसा मी तुझ्या पदरात शिरलो आणि तू हसत होतीस. त्यानंतर मी भुताचा सिनेमा पाहिलेला नाही. पण आता खरं लिहितो. तुझा आवाज परत आला नाही, तर तो जगात फक्त त्या सिनेमात उरेल. म्हणून तेवढा तुकडा मला मिळवून ठेवायचा आहे.

माया आहे तशीच ठेव आणि घसा जप.

तुझा,
गोरक्ष


माळवाडी, घोडेगाव
बुधवार, १७ सप्टेंबर

चि. गोरक्ष यास आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून मामा म्हनला, ह्यो पत्र लिवतो का पाटी रंगवतो. माझं शुद्धलेखन तपासत बसू नको. मी सातवीपातूर शिकलेली, तू नववीपातूर. दोन यत्तांचा तोरा नको.

रिपोर्ट पंचवीस तारखेला यायचा हाय. मुकं ऱ्हायची मुदतबी त्याच दिवशी संपती. डॉक्टर काय म्हनले ते मला सांगता यायचं न्हाई. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा घसा व्हता, मी त्याच्याकडंच बघत बसले.

हितं मजा चाललीय. मामाच्या हाळीला मेंढरं मानबी वर करत न्हाईत. त्यो काठी घेऊन मागं पळतो, ती फुडं पळत्यात. लई हसू येतं, पर हसायची बी बंदी हाय. पदर तोंडात कोंबून बसते.

तू मेलेल्या मानसाचा फोटो मोठा करून आणावा तसा माझा आवाज गोळा करत हिंडू नको. मी हाय अजून. पर सिनेमा बघ, तिन्ही बघ. दुसरा भाग आला तवा आमी मेंढरं घेऊन कोकनात व्हतो. नव्यात माझाच आवाज घातलाय का दुसरीचा, तेवढं मला पायजे. दुसरीचा असंल आन् चांगला असंल तर तसं लिव. माझी भीड धरू नको. भ्या वाटलं तर डोळे मिट, पर कान उघडे ठेव.

जेवत जा येळेवर.

तुझी आत्या
हिरा


बोरी बुद्रुक
रविवार, २१ सप्टेंबर, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे

ती. हिराआत्यास शि. सा. न. वि. वि.

तिन्ही पाहिले. क्रमाने लिहितो.

शुक्रवारी जुन्नरला महंमद हनीफ चाचांकडे गेलो. चाचा पूर्वी जत्रेच्या तंबूत मशीन चालवायचे, आता टीव्ही दुरुस्त करतात. पहिल्या दोन्ही भागांच्या सीडी त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून जपल्या आहेत. लावायच्या आधीच त्यांनी मला समजावलं की बेटा, पहिल्या भागात पब्लिक भुताला घाबरतं, दुसऱ्यात भूत पब्लिकला घाबरतं, आणि पुढे तिकिटाचा दर पाहून दोघंही घाबरतात.

पहिल्यात भूत एकदाही दिसत नाही. बारवेच्या पायऱ्यांवर ओली पावलं दिसतात, तीही भर उन्हात. रात्र असती तर बरं वाटलं असतं. किंचाळी एकदाच येते, एकोणचाळिसाव्या मिनिटाला, अकरा सेकंद. मी ती थांबवून थांबवून पाहिली. नटी तोंड उघडते, माणसं वाट फुटेल तिकडे पळतात, आणि मागच्या उतारावरची मेंढरं माना वर करून थेट पडद्याकडे धावत येतात. लहानपणी मी नेमका कशाला घाबरलो, ते आता समजलं. पण ती का येतात ते समजलं नाही. चाचांनाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या भागात भूत पाचव्या मिनिटाला येतं आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं हलतच नाही. तुझी तीच किंचाळी नऊ वेळा लावली आहे. आठ वेळा बायकांच्या तोंडी आणि एकदा मिशीवाल्या हवालदाराच्या. हवालदार तुझ्या आवाजात ओरडला तेव्हा आम्ही इतके हसलो की खातून चाची आतून बघायला आल्या.

काल नारायणगावला नवा पाहिला. त्यात तुझा आवाज नाही. मशीनवर तयार केलेला असावा. तो आला तेव्हा खुर्ची हादरली, मी नाही. मेंढरं नुकती आंघोळ घातल्यासारखी स्वच्छ आहेत आणि किंचाळी ऐकून ती लांब पळतात. भुताचा सासरी कसा छळ झाला, हे अर्धा तास सांगतात. तेवढं ऐकल्यावर तिला चहा विचारावासा वाटतो.

पण एक जागा वेगळी आहे. त्यातली मुलगी वारलेल्या आईचा आवाज मोबाईलमध्ये साठवून रोज ऐकते. रोज तेच एक वाक्य. एके दिवशी त्याच वाक्यापुढे आई तिला विचारते की बाळ, दार का लावलंस. भूत दिसत नाही, संगीत नाही. आत्या, मी उठून बाहेर आलो. चाचांकडून घेतलेले तुझे अकरा सेकंद माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होते. वडापावच्या गाडीजवळ उभा राहिलो, शेवट पाहिलाच नाही. तेव्हा भीड न धरता लिहायचं तर पहिला सिनेमा चांगला आहे, पण जास्त घाबरवलं ते नव्याने.

आणखी एक चूक झाली. संध्याकाळी घरामागे उसाच्या कडेला तो तुकडा मोठ्या आवाजात लावून सेकंद पुन्हा मोजत होतो. दोन मिनिटांत शेजारचे गेणभाऊ आणि अर्धी आळी काठ्या, बॅटऱ्या आणि वाजवायला डबे घेऊन हजर. बिबट्यानं बाई धरली असं त्यांना वाटलं. गेणभाऊंनी मला चारचौघांत सुनावलं की सिनेमा बघायचा तर घरात बघत जा राव, उसात कशाला. ऋषीसुद्धा काठी घेऊन आला होता. आता तो म्हणतो, पडद्यावर नाव नसलं तरी पटलं.

पंचवीस तारखेच्या काळजीने मला झोप नाही. रिपोर्ट काय आला, आवाज कसा आहे, मेंढरं आली का, किती आली, हे आकड्यांसह कळव. 'बरं आहे' एवढंच लिहू नकोस.

मामांना नमस्कार सांग. तू रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा,
गोरक्ष


माळवाडी
शुक्रवार, २६ सप्टेंबर

चि. गोरक्ष यास आत्याचे अ. उ. आ.

गाठ साधी हाय. आधी हेच लिवते, म्हंजी फुडचं नीट वाचशील. डॉक्टर म्हनले परत दाखवायला सा महिन्यांनी या, आन् तवर बिनघोर ऱ्हावा.

आवाज आला. पर गिरणीत पीठ दळताना कुनी बोलावं तसा घरघरा येतो. मामाला पयला शबुद बोलले तो, आता गप बसा. त्यो गप बसला, तवा वळखलं आसंल म्हनायचं.

आता तुझ्या मेंढरांचं. मी किंचाळले कवा? त्या सायबानं मला सांगितलं, भूत बघितल्यागत वरड. एवढे बापे बघत हुबे, माझ्या तोंडातनं आवाजच निघंना. दोनदा नुसतं खाकरले. तेवढ्यात बघते तर मेंढरं चरत चरत कड्याकडं चाललेली. मी साहेब बी इसरले आन् भूत बी इसरले, कॅमेऱ्याच्या मागनं हाळी दिली. नटीनं तेवढ्यात तोंड उघडलं. मेंढरं पडद्याकडं न्हाई आली बाबा, माझ्याकडं आली. तंबूत तू पदरात शिरलास तवा मी त्येच आठवून हसत व्हते. आन् भूत दाखवलं न्हाई त्याचं कौतिक नको करू. साडी नेसवलेल्या पोराची मिशी दिसत व्हती म्हनून कापलं.

मला रिपोर्टापरीस कालच्या सांजची धास्ती व्हती. सुरतेवरनं मेंढरू वळखत न्हाई, आवाजावरनं वळखतं. पाच वाजता बांधावर हुबी ऱ्हायले. पयली हाळी मधीच फाटली. एकबी मान वर झाली न्हाई. मामा खाली बघाय लागला. दुसरी हाळी दिली, तशीच घरघरीत, पर आपल्या चालीवर. कानी म्हातारीनं, कळपातल्या समद्यात जुन्या मेंढीनं, मान वर केली. चुकीच्या घरी पत्र आल्यागत हिकडं तिकडं बघितलं. मंग निगाली. तिच्या मागं दुसरी, तिसरी, मंग समदा उतारच खाली यायला लागला. पंधरा दिवस पळून पळून मामाच्या पायाला फोड आल्यात. त्यो दगडावर बसला आन् डोळं पुसत म्हनला, नव्या भागालाबी पब्लिक आलं म्हनायचं.

ते अकरा सेकंद पुसू नको, ठेव. पर ऐकत बसू नको. दसऱ्याला ये, नव्या आवाजात शिव्या देते, त्या मोजून घे.

हाय अशीच वढ आसू दे बाबा.

तुझी आत्या
हिरा

ता. क. तुला आकडे लागत्यात म्हनून मामाकडनं मोजून घेतलं.
उतारावर मेंढरं: ४३
पयल्या हाळीला आली: ०
दुसऱ्या हाळीला आली: ४२
ऱ्हायली: १. ती बहिरी हाय. जुन्या आवाजालाबी ती कवा आली न्हाई.