वाफ्याकडेला पुरलेली गाठ

कार्तिक शुद्ध १३, शके १८५८. बुलढाणा

देवाच्या कृपेने बिऱ्हाड लागलं. जळगाव जामोदचं ऊन सोसलेल्या आम्हाला इथे दुपारीही शाल लागते! यांची बदली इथल्या कचेरीत झाली ती मोठी सोय. दोन खोल्या, मागे ओटा, आणि ओट्याला लागून घरमालकीण सोजराबाईंचे भाजीचे वाफे. माणूस मोकळं. मेथीची जुडी ओट्यावर टाकून म्हणाल्या, बाई, आज पैशे नका काढू, पह्यला दिवस आहे. उद्यापासून एक काडी फुकट देईन तर सांगजा. देवघर उजेडाच्या कोपऱ्यात मांडलं. यांच्या मांडीत लिंबाएवढी गाठ आहे, दुखत नाही. इथल्या दवाखान्यात ती काढून टाकू म्हणतात.

कार्तिक वद्य ६

गाठ निघाली. साधी चरबीची असावी म्हणाले डॉक्टर, तरी एक चकती तपासायला नागपूरला पाठवली. बाकीची फेकणार होते. नवऱ्याच्या अंगाचं मांस कुत्र्याच्या तोंडी जावं हे मनाला पटेना, म्हणून मागून घेतली. धुतल्या फडक्यात तुळशीच्या पानासकट बांधली. एवढ्याशासाठी गोवऱ्या कशाला जाळायच्या, असं म्हणून मेथीच्या वाफ्याकडेला पुरली आणि देवाचं नाव घेतलं. माती मऊ, खुरप्याने लगेच उकरली गेली.

मार्गशीर्ष शुद्ध १०

जखम सुरेख भरली आहे. हे काठी न घेता कचेरीत जातात. आणि आज डॉक्टर म्हणाले, नागपूरचा निकाल वाईट आहे, त्याच जागी पुन्हा कापावं लागेल. मी विचारलं, जिथे काही दिसतच नाही तिथे काय कापणार? ते म्हणाले, डोळ्यांना न दिसणारा कण मागे राहिला तरी त्यातून सगळं पुन्हा उभं राहतं; म्हणून भोवतालचं चांगलं मांसही काढायचं. हे हसून म्हणाले, मी काय मेथी आहे, खुडली की फुटायला? मी हसले नाही. सोमवार धरले आहेत.

मार्गशीर्ष वद्य ४

दुसऱ्यांदा कापलं. या वेळी निघालेलं मांस बरंच. तेही मागून आणलं, पहिल्याजवळच ठेवावं म्हणून उकरू लागले. फडकं फाटलेलं होतं. आतलं कुजलं नव्हतं. नारळाएवढं झालं होतं, आणि हाताला ऊन लागत होतं. खुरप्याचं टोक त्याला लागलं. घाईने दोन्हींवर माती लोटली.

दवाखान्यात गेले तर हे घामाने भिजलेले. म्हणाले, मघा कोणीतरी लोखंड टोचलं. जखमेत नव्हे. कुठेतरी बाहेर, गार मातीत.

मी नखांतली माती पदराआड लपवली.

पौष शुद्ध ९

यांना घरी आणलं. सोजराबाई वाफ्यांना पाणी सोडतात तेव्हा हे अंथरुणात ओरडतात, भिजलो, पुसा मला. अंग कोरडं असतं.

वाफ्याची कड उंच झाली आहे. शेवटी सोजराबाईंना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, पुरलं काऊन बाई तुमी? जाळाले पाह्यजे होतं. आमी मातीत घालतो ते उगवाले घालतो.

पौष वद्य १२

मांडीत गाठ परत. पोटरीतही. रोज तेल लावते, माझ्या हाताला कळतं. डॉक्टर म्हणतात, पाय मुळापासून काढू, तरच जगण्याची आशा.

सोजराबाई म्हणतात, पह्यले ते बाहेरचं जाळा, मंग पाय वाचते. गोवऱ्या त्यांनी आपण होऊन आणून दिल्या. पण नुसतं खुरपं लागलं तर हे तसे कळवळले. जाळलं तर—

माघ शुद्ध ५

आता खांद्यालाही. मानेला. जिथे हात ठेवावा तिथे घट्ट. माझ्या माणसाचं मऊ असं अंग कुठे उरलंच नाही. तीर्थ दिलं तर तोंड फिरवलं. डोळे माझ्याकडे, पण ओळख नाही—

डॉक्टर आले, बघून गेले. पायाचं काही बोलले नाहीत.

माघ शुद्ध ७

उकरलं. भर दुपारी, सोजराबाई सोबतीला.

पाऊल. यांचंच— अंगठ्याचं नख तसंच तुटकं. वर पोटरी, गुडघा. मऊ. वर अजून माती आहे, तिथे माती वरखाली होते— श्वास—

सोजराबाई पळाल्या. बाई, जाळा, म्हणत पळाल्या.

माघ शुद्ध ७, तीच दुपार

ओट्यावर बसून लिहिते. गोवरी पेटली आहे.

घरातून यांचा आवाज— अगं, मला जाळू नको.

वाफ्यातूनही. तोच आवाज. तोंडात माती असल्यासारखा. अगं, डॉक्टरांनी मला काढलं गं, गाठ घरातच राहिली. तिला जाळ.

देवा, जाळू कोणाला? दोघांनाही दुखेल. दोघांनाही—

घरात खाट वाजली. तो उठला. गेला महिनाभर ज्याला कूस वळवता येत नव्हती तो चालत— दारात—

इकडून मातीतून हात वर, बोटं पसरून, धर म्हणतो. मऊ आहे. ऊन आहे. यांचाच—

मी विस्तव घेऊन दाराकडे